उन्हाआडचे चौघे

"आले!" रेडिओवर नियंत्रण कक्षातला लॉकयर म्हणाला. "तीसेक बॉम्बफेकी विमानं. रोख बंदराकडे."

टॅरंटने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. बसायची जागा अरुंद, त्यात डावा पाय बधिर झालेला. भीतीने गप्प बसणाऱ्यातला हा गडी नव्हता. माल्टा बेट गिळायला निघालेल्या जर्मनांच्या घशात काटा होऊन अडकायचं, हे तो महिनोन्‌महिने सगळ्यांना ऐकवत आला होता.

"चौघंही तयार," तो म्हणाला.

आज तर अडकायलाच हवं होतं. रसद आणणाऱ्या अख्ख्या काफिल्यातलं 'डनरॉस' हे एकच जहाज समुद्र पार करून बंदराला लागलं होतं. त्यात पीठ होतं आणि रॉकेल. ते बुडालं तर बेटावर खायला काही उरणार नव्हतं आणि पांढरं निशाण फडकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सकाळी चेन्सूने, म्हणजे विमानतळावरच्या म्हाताऱ्या माल्टी हमालाने, टॅरंटला काखेत हात घालून आत बसवलं होतं.

"साहेब, तेवढं पीठ उतरू द्या," तो म्हणाला होता. "बायकोनं भट्टी झाडून ठेवलीय."

"पहिला पाव माझा. नाहीतर तुझी भट्टी मीच उडवीन."

आता टॅरंटने माइक तोंडाजवळ घेतला. "किट, माझ्या डावीकडे राहा. फार लांब जाऊ नकोस."

"आ-आलोच," किट फेरर्सचं तोतरं उत्तर आलं.

मेसमध्ये टॅरंट सगळ्यांच्या नकला करायचा. किट बिचारा हसून म्हणायचा, "अरे, मा-माझ्यापेक्षा तू छान तोतरं बोलतोस." होबनची नक्कल मात्र महागात पडायची. तो ऑस्ट्रेलियन सरळ बूट फेकून मारायचा.

"मॅक्रे, मागे लक्ष ठेव."

"ठेवलंय रे बाबा," मॅक्रे कुरकुरला. "उपाशीपोटी दुसरं करणार तरी काय?"

हा स्कॉटिश माणूस स्वर्गात गेला तरी जेवणाच्या नावाने बोटं मोडेल, असं सगळी तुकडी म्हणायची.

जर्मन रेडिओला कान लावून बसतात, हे सर्वांना ठाऊक होतं. म्हणून तर होबन मुद्दाम मोठ्याने शिव्या घालायचा.

"या रे रेड्यांनो!" होबनचा खर्जातला आवाज घुमला. "बघा उन्हाकडे! दिसतोय का मी?"

गेल्या महिन्यात याच चौघांनी उन्हाआडून झडप घालून जर्मनांची दाणादाण उडवली होती. त्यांची नावं आणि त्यांचे आवाज तिकडच्या वैमानिकांना पाठ असणार. एवढी ओळख टॅरंटला पुरे होती.

"वर चढा," तो म्हणाला. "सूर्य पाठीशी घ्या. मी सांगेपर्यंत कोणी गोळी झाडायची नाही."

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. समोरच्या तबकडीत काटा थरथरत होता. दूर कुठेतरी तोफा धडधडू लागल्या.

"बंदर अगदी जवळ आलंय त्यांच्या," लॉकयर म्हणाला. "काय करायचं ते आत्ताच करा."

"किट, दिसले का?"

"दि-दिसले. पोटं बघ केवढी भ-भरलीत."

"मग रिकामी करू या. चला, घुसा!"

रेडिओवर एकच कल्ला उसळला. किटचं वाक्य संपतं न संपतं तोच मॅक्रे कडाडला, मॅक्रेला तोडून होबन खदाखदा हसला, आणि टॅरंट तर घसा फाटेस्तोवर ओरडत होता. 'हे बेट तुमच्या बापाचं नाही,' हे त्या सगळ्या आरडाओरड्यात निदान तीनदा ऐकू आलं.

"वळले!" लॉकयर किंचाळला. "बॉम्ब समुद्रात टाकून पळताहेत! जहाज शाबूत आहे!"

टॅरंटने हेडफोन काढला. त्याला हसू येत होतं आणि रडूही.

शेजारच्या खुर्चीतून वाकून लॉकयरने रेडिओ बंद केला. चेन्सू भुयाराच्या पायऱ्या उतरून आला आणि टॅरंटचा प्लास्टरमधला पाय त्याने स्टुलावरून अलगद खाली घेतला. वर धावपट्टीवर उडेल असं एकही विमान नव्हतं. रविवारी तिथेच बॉम्ब पडला होता. विमानं जळाली, टॅरंटचा पाय मोडला, आणि किट, मॅक्रे, होबन तिघंही जागच्या जागी गेले.

"उद्या पुन्हा येतील ते," लॉकयर म्हणाला. "घसा टिकेल ना तुझा?"

टॅरंट घोटभर पाणी प्यायला.

"ये-येऊ देत की," तो किटच्या आवाजात म्हणाला.