वाचले असते, वाचले असतील

आबेमामा बेटावरून मासेमारीला गेलेली तेकाईची होडी आठवडा झाला तरी परतली नव्हती. समुद्रावर शोध घेणाऱ्या विमानाच्या केंद्राकडून वायरलेसवर इंग्रजीत निरोप आला. कारकून इओतेबाने तो ऐकला आणि मान खाली घालून तेकाईच्या बायकोला, रोतिआला सांगितलं, "होडीत प्यायला पाणी असतं, तर ते वाचले असते."

जमलेल्या बायकांनी हंबरडा फोडला. रोतिआ बसली होती तशीच बसून राहिली.

शाळेत इंग्रजी शिकवणारी तेरीना तो आवाज ऐकून धावत आली. निरोप कळल्यावर तिने विचारलं, "इओतेबा, शब्द नेमका काय होता? ‘माइट हॅव’ की ‘मे हॅव’?"

"‘मे’. पण दोन्ही एकच ना, बाई?"

"एकच कसे? ‘माइट’ म्हणाले असते, तर मीही आशा सोडली असती. ‘मे’ म्हणजे त्यांनाही अजून ठाऊक नाही. अरे, ते म्हणतायत, होडीत पाणी असेल, तर वाचले असतील!"

रडणं थांबलं. रोतिआ ताडकन उठली. "एवढंच विचारतायत होय? पाणी होतं की! निघताना मीच होडीत शहाळी रचली होती. ओझं झालं म्हणून चिडलेसुद्धा माझ्यावर."

विमान माघारी वळण्याआधी हे केंद्राला कळायला हवं होतं. तेरीनाने घाईघाईने वायरलेस हातात घेतला, तोच रोतिआने तिचा दंड धरला.

"बाई, ‘असतील’ राहू द्या. इंग्रजीत ‘आहेत’ला काय म्हणतात, ते सांगा त्यांना."