चारचं हसणं

चार वाजता तेजस्वीच्या मोबाइलचा गजर झाला आणि कल्पिताने हातातला गेटपास घाईघाईने बाजूला ठेवला. सकाळपासून ती याच गजराकडे कान लावून बसली होती.

उरणच्या त्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात रोज चारला पाच मिनिटं हसायचं असतं. कर्मचाऱ्यांचा ताण हलका व्हावा म्हणून वरून तसा हुकूमच आला होता. ताणसुद्धा वेळेवर घालवायचा म्हणे! पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाकं मुरडली. पण गोल करून, टाळ्या पिटत 'हो हो, हा हा हा' सुरू झालं की कल्पिताचंच हसू सगळ्यात मोठं. बाहेर रांगेतले ट्रेलरवालेही माना काढून बघायचे.

मितेश गेल्यानंतर ती आज पहिल्यांदा कामावर आली होती. तेराव्यापर्यंत नवऱ्याच्या नावाने रडायला सारा गाव घरात होता. मग जो तो आपापल्या घरी गेला. काल अख्ख्या दिवसात ती एकदाच मोठ्याने बोलली, ते कुकरच्या शिट्ट्या मोजताना.

ती खुर्चीतून उठली.

"नको नको, ताई, तुम्ही बसा," तेजस्वी दबक्या आवाजात म्हणाली. "आज आम्ही आत करतो, मीटिंगरूममध्ये. तुमच्यासमोर हसणं बरं दिसत नाही."

"अगं, मला चालेल. मी येते ना."

"तुम्ही म्हणणारच हो," अल्पेशने मान खाली घातली. "पण आम्हाला कळत नाही का? अजून महिनासुद्धा झाला नाही."

सगळे पाय न वाजवता आत गेले. दार लागलं. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

आतून दबकत टाळ्या आल्या, मग दाबलेलं हसू. दार ढकलावं असं तिला फार वाटलं, पण पाय उचलला नाही. ती रिकाम्या टेबलांमधल्या आपल्या रोजच्या जागी जाऊन दाराकडे पाठ करून उभी राहिली. टाळी वाजवली.

"हो हो," ती म्हणाली. "हा हा हा."

पहिलं हसू घशातच अडलं. दुसरं जेमतेम निघालं. तिसरं मात्र खरंच आलं, थेट पोटातून. इतकं, की आवाजच फुटेना, नुसते खांदे गदगदा हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं, तिने ओढणी तोंडाशी धरली. मितेश असता तर म्हणाला असता, पुरे गं, ठसका लागेल. आता कुणीतरी दार उघडेल, आता म्हणेल, ये.

दार खरंच उघडलं. चहाचे रिकामे कप घेऊन नीराबाई बाहेर निघाली होती, ती उंबऱ्यातच थांबली. मागून तेजस्वी डोकावली.

"ताई..."

नीराबाईने तेजस्वीचा दंड धरला.

"जाऊ नको गो. रडूं दे तिला. मोकली होऊं दे."

दार हलकेच लागलं. आतल्या टाळ्याही थांबल्या.