थडग्यावरचे तुरे

दफनभूमीची निगा राखणाऱ्या व्हर्लिनने गवत कापायचं यंत्र थांबवून मागे वळून पाहिलं. पात्याखाली वाकलेल्या, बीचे तुरे धरलेल्या काड्या एकेक करून पुन्हा उभ्या राहत होत्या. सकाळीच त्याने पात्याला धार लावली होती. या पट्ट्यावरून तो तिसऱ्यांदा फिरला होता, या खेपेला आडवा. पानं कापली गेली होती, तुरे तसेच होते.

मेचा शेवटचा शुक्रवार. सोमवारी मेमोरियल डे, गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. आयोवातलं ते अख्खं गाव फुलं घेऊन दफनभूमीत येणार होतं.

डेलोरिस नवऱ्याच्या थडग्यापाशी उभी होती. गेरिटला जाऊन सात महिने झाले होते. त्याने हयातभर आपल्या अंगणात एक तुरा टिकू दिला नव्हता. आणि दर मे महिन्यात तो व्हर्लिनला सुनवायचा, की तुझ्या गवताखाली झोपायचं असेल तर आपण मरणंच पुढे ढकलू.

"त्याचे दोघे भाऊ येणार आहेत सोमवारी," ती म्हणाली. "पातं जरा खाली घे ना. एवढ्याच तुकड्यापुरतं."

व्हर्लिनने समजावून सांगितलं. काडी चिवट असते, पात्याखाली नुसती आडवी होते. बुडापासून कापायला गेलं तर हिरवं सगळं निघून जातं आणि पेंढ्यासारखे पिवळे खुंट उरतात. गवताचे हे बी धरायचे दिवस आहेत. ते सरले की तुरे आपोआप थांबतील.

"कधी सरणार?"

"तीनेक आठवड्यांत."

"मी मंगळवारी निघतेय, व्हर्लिन."

हे त्याला ठाऊक होतं. घर विकलं गेलं होतं, लेक ॲरिझोनाहून न्यायला आली होती. या वयात डेलोरिस पुन्हा इतक्या लांब येणार नव्हती, हेही त्याला कळत होतं. चाळीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून त्याने पातं खाली घेतलं नव्हतं. आज त्याने पात्याच्या उंचीचा खटका दोन घरं खाली ओढला.

दोन हात जागा कापून त्याने यंत्र बंद केलं. दगडासमोर पायपुसण्याएवढा पिवळा डाग पडला होता.

डेलोरिसने वाकून त्या डागावरून हात फिरवला. सोमवारपर्यंत भरून येईल का, असं तिने विचारलं. व्हर्लिनने नकारार्थी मान हलवली.

"तू सांगितलं होतंस मला," ती म्हणाली.

मग ती दगडाला धरून गुडघ्यांवर बसली आणि उरलेल्या भागातल्या काड्या हाताने उपटू लागली. व्हर्लिनही पलीकडच्या बाजूला बसला. काही तरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, लेकीकडे अंगण केवढं आहे?

"चांगलं मोठं आहे," काडी उपटत डेलोरिस म्हणाली. "सगळीकडे खडी पसरलीये. कापावं असं काही उगवतच नाही."