मान वर

हेल्मेट निघत नाहीये हे शैलेंद्रला कळलं, तेव्हा अमेरिकेतली कमिटी लॅपटॉपवर येऊन बसलीसुद्धा होती.

चूक त्याचीच. गालांपाशी ज्या गाद्या असतात त्यांत हवा भरायची होती आणि त्यासाठीचा छोटा पंप लॉकडाऊनमुळे कुठल्यातरी गोदामात अडकला होता. मग त्याने सायकलचा पंप लावला. सायकलच्या पंपाला काय, चाक काय आणि चेहरा काय. गाल आत गेले, ओठ माशासारखे बाहेर आले आणि पंपाची सुई व्हॉल्व्हमध्येच तुटली.

हेल्मेट त्यानेच बनवलेलं होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजची पोरं मान खाली घालून समोरच्याला डोक्याने धडक देतात. तशी धडक दिली की खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर. म्हणून याच्या हेल्मेटमध्ये शिट्टी होती. मान खाली गेली की वाजायची. नमुना एकच, आणि तो खेळात चालेल की नाही हे ही कमिटी ठरवणार. कमिटी हो म्हणाली तर आर्नहेमची कंपनी त्याला ठेवणार. नाही म्हणाली तर मार्चमध्ये नोकरी जाणार आणि तिच्यामागोमाग नेदरलँड्सचं परमिट.

चाचणीचा पहिला भाग तर झकास झाला. खेळताना हेल्मेट डोक्यावरून उडत तर नाही ना, असं टकल्या अध्यक्षाने विचारलं. शैलेंद्रने दोन्ही हातांनी ओढलं. मग मृदुलाने, त्याच्या बायकोने, त्याच्या खांद्यावर गुडघा रोवून ओढलं. हेल्मेट हललं नाही. कमिटीने टाळ्या वाजवल्या. हे दोघं खरोखर काढायला बघतायत हे तिकडे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली.

सरकारने घरात दिवसाला एकच पाहुणा सांगितला होता. म्हणून मृदुलाने संक्रांतीचं हळदीकुंकू रद्द केलं नव्हतं, पसरवलं होतं. रोज एक बाई, रथसप्तमीपर्यंत. वाण म्हणून सॅनिटायझरची बाटली. आजचा नंबर कुमुदिनीमावशींचा. त्या द हेगहून ट्रेनने आल्या होत्या, नऊवारी नेसून आणि मास्क लावून. नमस्कार न करणारा माणूस त्या पुढच्या संक्रांतीपर्यंत लक्षात ठेवायच्या.

मावशींना बघताच शैलेंद्र वाकला. डोक्याला काही विचारायच्या आतच कंबर वाकली. शिट्टी वाजली. त्याच क्षणी आशीर्वाद द्यायला मावशी पुढे झुकल्या आणि हेल्मेटचा माथा थेट त्यांच्या पोटात गेला. मावशी मागे सोफ्यावर बसल्या. हळदीकुंकवाचं तबक वर गेलं आणि हेल्मेटवर उतरलं.

लागलं काही नव्हतं. मावशींनी पदर सावरला, समोरच्या लालपिवळ्या गोळ्याकडे बघितलं आणि मृदुलाला विचारलं, "हा कोण गं?"

कॅमेरा चालूच होता. कमिटीने तो प्रसंग पुन्हा लावून बघितला, मग सावकाश लावून बघितला. अध्यक्षाने विचारलं, मान खाली का घातली? शैलेंद्र माशाच्या ओठांनी म्हणाला, आदर म्हणून. अध्यक्षाने नियम चाळले. त्यात आदर नव्हता. समोरची खेळाडू बेसावध होती, तिच्या हातात तबक होतं आणि धडक माथ्याने दिलेली होती.

"हेल्मेट पास," अध्यक्ष म्हणाला. "खेळाडू बाहेर."

उरलेला भाग अर्ध्या तासाने. हेल्मेट हेच हवं, फक्त डोकं दुसरं. मिसेसचं चालेल. तोवर आम्ही इथेच बसलोय, असं म्हणून त्यांनी कॉफी घेतली.

हवा सोडायला मृदुलाने खालच्या सायकलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तुमचा आजचा पाहुणा झाला असेल तर मला वर येता येणार नाही. दुकानातही माणसं घेत नाही. वस्तू दाराबाहेर ठेवून जा, संध्याकाळी न्या. वस्तूच्या आत माणूस आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग माणूस काढून ठेवा. तिने डॉक्टरला फोन केला. डॉक्टरने ताप आहे का विचारलं, पॅरासिटामॉल घ्यायला सांगितली आणि फरक नाही पडला तर सोमवारी फोन करा म्हणाला.

"मी जाऊ का परत?" मावशींनी विचारलं. "म्हणजे तो सायकलवाला येईल."

"आलात ना, मावशी. आता तुम्ही गेलात तरी आजचा पाहुणा झालाच."

शैलेंद्रला आता नाकाचा शेंडाच काय तो आपला वाटत होता. मृदुलाने तिळाचा लाडू फोडून एक तुकडा हेल्मेटच्या तोंडापुढच्या जाळीतून आत सरकवला. जबडा हलेना. तुकडा जिभेवर नुसता पडून राहिला.

ती आत गेली आणि गादीला टाके घालायचा दाभण घेऊन आली. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. लॅपटॉपवर अध्यक्ष घड्याळ बघत होता.

"फोडते," ती हळू म्हणाली. "एकदा भोसकलं की गाद्या गेल्या. नमुना गेला, नोकरी गेली. पुण्याला जाऊ परत, काय व्हायचंय. पण तू सांग. फोडू?"

नमुन्याला हात लावायचा नाही, असं तो महिनाभर सगळ्यांना बजावत होता. त्याने तिच्या हातातल्या दाभणाकडे बघितलं. तोंडात तीळ होते, बोलता येत नव्हतं. मग लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं मनापासून, त्याने होकारार्थी मान खाली घातली.

शिट्टी वाजली. अध्यक्षाने कॉफी खाली ठेवली. सोफ्यावर कुमुदिनीमावशींनी झटकन दोन्ही पाय वर घेतले.