बारा रिकाम्या पेट्या

बारावी पेटी उघडली, तीही रिकामी निघाली. अदितीने ती उलटी करून हलवून पाहिली. दोऱ्याचं एक रीळसुद्धा नव्हतं.

अर्थशास्त्राच्या पीएचडीचं हे तिचं तिसरं वर्ष. पुण्याहून म्हैसूरला ती याच प्रयोगासाठी आली होती. लष्कर मोहल्ल्यातल्या एका जुन्या हॉलमध्ये तिने शिवणकाम करणाऱ्या चोवीस बायकांना बोलावलं. चिठ्ठ्या टाकून बारा जणींना पुढच्या दाराने आत घेतलं, बारा जणींना मागच्या. मध्ये जाड पडदा. पुढच्या प्रत्येकीला एक पेटी आणि निरनिराळ्या रंगांची दहा रिळं दिली आणि सांगितलं: पडद्यापलीकडे तुमच्या जोडीची एक बाई आहे, तिला काही मिळालेलं नाही. ती कोण, ते तुम्हाला कळणार नाही, आणि तुम्ही कोण, ते तिला. वाटलं तर तिच्यासाठी पेटीत रिळं ठेवा, नाही तर सगळी घरी न्या. बोलायचं मात्र नाही.

पुस्तक सांगतं, की ओळख नसेल आणि जाब विचारणारं कोणी नसेल, तर माणूस सगळं स्वतःकडे ठेवतो. पण प्रत्यक्ष प्रयोग केला, की लोक थोडंफार देऊन टाकतात आणि पुस्तक तोंडघशी पडतं. आज तसं झालं नव्हतं. अदितीने तिच्या मार्गदर्शकांना, दामोदररावांना, फोन लावला.

"सर, शून्य. बाराच्या बारा पेट्या शून्य."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर उठून उभे राहिले असावेत.

"वीस वर्षं मी हेच सांगतोय," ते म्हणाले. "आता त्यांच्या मनात काय होतं, ते विचारत बसू नकोस. भाकीत खरं ठरलं, विषय संपला. आजच लिहायला घे."

बायकांसाठी आणलेला म्हैसूरपाकाचा डबा उचलून अदिती दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली. खालच्या पायरीवरच तिचे पाय थबकले.

अंगणात चटई अंथरली होती. पुढच्या दाराने गेलेल्या बाराही जणींनी आपापल्या पिशव्या तिच्यावर रिकाम्या केल्या होत्या. रिळांच्या ढिगाभोवती चोवीस जणी बसल्या होत्या. सहना पडद्यामागे होती, तिला आत काहीच मिळालं नव्हतं. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर असल्यामुळे ती हिरवी रिळं तेवढी वेचत होती, आणि शेजारच्या बायका आपल्या बाजूची हिरवी तिच्याकडे सरकवत होत्या. वेदवतीही पडद्यामागचीच, तिने फक्त दोन पांढरी घेतली. कुणाला किती गेली, ते कुणी मोजत नव्हतं.

ढिगाच्या कडेला अंबूताई बसल्या होत्या. चाळीस वर्षं मशीन चालवलेली, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची, कानडी वळणाचं मराठी बोलणारी बाई. आतून आणलेल्या दहांपैकी त्यांनी स्वतःसाठी एकच काळं रीळ बाजूला काढलं होतं.

"अंबूताई," अदितीने विचारलं, "वाटायचंच होतं, तर आत पेटीत का नाही ठेवलीत?"

"आत कुणाला देऊ? पलीकडं सहना आहे की वेदवती, ते तुम्ही सांगत नाही. तिला हिरवा पाहिजे की पांढरा, ते विचारायला सोडत नाही. सुम्ने, उगीच चार रिळं टाकायला ती भीक आहे काय? म्हणून सगळी नीट सांभाळून बाहेर आणलो."

"पण बोलायला तर बंदी होती. बाहेर वाटायचं, हे ठरलं कधी?"

अंबूताईंनी ढिगातली दोन हिरवी रिळं सहनाकडे सरकवली. प्रश्न त्यांना कळलाच नसावा.

"त्यात ठरवायचं काय?" त्या म्हणाल्या.

अदिती पायरीवर बसली. या बायका सकाळी एकाच गल्लीतून, एकमेकींशी बोलत आल्या होत्या. त्यांना दोन दारांनी तिनेच आत नेलं होतं. पडदा तिनेच टांगला होता. मग एकमेकींना परक्या झालेल्या बायका काय करतात, ते तिने मोजलं होतं. समोर जे चाललं होतं, ते तिने वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. तिने वही उघडली.

तेवढ्यात दामोदररावांचा फोन आला. "निबंधाला नाव सुचलंय, लिहून घे."

"थांबा, सर," अदिती म्हणाली. "शून्य खरं आहे. पण ते या बायकांचं नाही, आपलं आहे."