तारेला हात

"हात काढू नको हां, माय!" दत्ताराम आतून ओरडला.

खिडकीपाशी एस्पेरांसामाय तांब्याच्या तारेचं टोक चिमटीत धरून बसली होती. ती दत्तारामची घरमालकीण. माडांच्या पलीकडे एकटी राहणारी विधवा. तिने तार धरली की रेडिओवर मुंबईच्या बातम्या स्पष्ट यायच्या. सोडली की नुसती खरखर.

"घर माजा, माड माजो, आनि आता हातय माजोच?" माय म्हणाली. "भाड्यात धरलंस काय माका?"

माणसाचं अंगही रेडिओच्या लहरी पकडतं, हे दत्तारामने तिला समजावून सांगितलं होतं. त्याने माडावर बांबू बांधून तार चढवली होती, दुसरी विहिरीकाठच्या ओल्या मातीत पुरली होती. तरी संध्याकाळी मायच्या हाताशिवाय काही ऐकू येत नसे. "खारी हवा तार खाता," तो बायकोला सांगायचा.

सुशीला, त्याची बायको, भिंतीला टेकून ऐकत असायची. वैशाखात पाळणा रिकामाच माळ्यावर गेला आणि बाळंतपणाला आलेली तिची आई मसुऱ्याला परतली. तेव्हापासून सुशीला फारसं बोलत नसे. नवऱ्यापुरती पेज रांधायची, एवढंच.

एकदा बातम्या संपल्यावर तिने विचारलं, "माय, आज काय रांधलंस?"

"एकटीसाठी कोण रांधता गो? चाय आनि पाव."

"रोज?"

"रोज. पोट काय बोलता? गप निजता."

सुशीलाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने चार भाकऱ्या जास्त थापल्या.

"काम केल्याशिवाय मी कोणाकडे जेवचंय नाय," माय म्हणाली.

"मगे ही तार धरतंस ता काय?"

"बरा. पण माका एकटीक घास गिळणा नाय. तुजाय पान घे."

सुशीला बाजूला बसली. मायला सोबत म्हणून जेवली.

मग ते रोजचंच झालं. कधी बांगड्याचं तिखलं, कधी सोलकढी. सुशीला स्वतः बाजारात जाऊन मासळी निवडू लागली, कोळणीशी भावावरून भांडू लागली. "माय अंगान भरली हां जरा," ती एकदा नवऱ्याला समाधानाने म्हणाली.

"भरली खरी," दत्ताराम म्हणाला.

एका दुपारी घरात एकटी असताना सुशीलाने सहज रेडिओ लावला. गाणं खणखणीत आलं. खरखर नाही. तार धरायला कोणी नव्हतं.

ती पूर्ण गाणं ऐकत राहिली. मग तिच्या डोळ्यांपुढे तो चहा आणि पाव आला. रेडिओ असा वाजू लागला तर माय कशाला येईल?

तिने रेडिओ बंद केला. खिडकीपाशी माडावरची तार रेडिओच्या तारेला जोडली होती. तो पीळ उलगडून दोन्ही टोकं वेगळी केली. संध्याकाळी पुन्हा खरखर सुरू झाली, तेव्हा तिने अगदी साध्या चेहऱ्याने हाक मारली, "माय, धर गो ती तार!"

जेवणं झाल्यावर दत्ताराम कंदील घेऊन मायला पोचवायला निघाला. माडांपर्यंत गेल्यावर मायने हळूच विचारलं, "आज किती जेवला चेडू, तुजी सुशीला?"

"दोन भाकऱ्यो. वर भात."

"देव बरें करूं!"

"पण माय, एक गंमत झाली. रोज सकाळी बातम्या आयकल्यार मी तारेचो पीळ सोडतंय, ता आज विसारलंय. ती तिनाच सोडल्यान."

माय थांबली. मागे वळून तिने स्वयंपाकघराच्या उजेडाकडे पाहिलं. आत ताटं वाजत होती.

"मगे उद्यापासून," पोटावरून हात फिरवत ती म्हणाली, "आधी माज्या घराकडे पोटभर जेवान मगे हंय येवचंय नाय."