इंग्रजी वाक्यात आपलं गाव

शब्दकोशाच्या ऑफिसात ती गावांच्या नावांसाठी इंग्रजी वाक्यं शोधायची. सहसा कुणाच्या तोंडी नसलेलं एखादं नाव पेपरात कुठे, कसं वापरलंय ते पाहायचं आणि उदाहरण म्हणून टिपून घ्यायचं. आज चक्क तिच्या माहेरच्या गावाचं नाव सापडलं. वाक्य पुरतं वाचायच्या आधीच तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, आपलं गाव इंग्रजी पेपरात आलंय."

"काय सांगतेस! थांब, स्पीकर लावतो, आईलाही ऐकू दे. आणि मराठीत सांग बाई, आम्हाला त्यातलं काय कळतंय."

तिनं वाक्यावर नजर फिरवली. 'या निर्मनुष्य गावाची जमीन खाणीसाठी देण्यात आली आहे,' असं लिहिलं होतं. पलीकडे आईनं भांडी घासायची थांबवली होती.

"लिहिलंय की... फार शांत गाव आहे."

"खोटं नाही ते," बाबा खुशीत म्हणाले.

 

"सकाळी मोजणीवाले आले होते ना," बाबाच पुढे म्हणाले, "तेही तेच म्हणाले. इथं कुणी राहतच नाही असं वाटतं म्हणे."